कपडे कोण राखत होतं

गुलाब डायव्हरचं बूड सीटवर टिकायचं ते गाडी चालू असेपर्यंतच. गाडी थांबली की हा खाली. मग चाकाला लाथ मारून हवा बघ, काच पूस, पुसलेली काच पुन्हा पूस, बसभोवती एक फेरी मार, अन् तेवढ्यानं भागलं नाही तर आणखी एक. ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या कॉलनीत बाकीचे डायव्हर कडुलिंबाखाली पत्ते कुटत बसायचे. ते म्हणायचे, ह्याच्या आंगात रक्त नाई, डिझेल हाय. झोपताना ह्याची बायको चाकाखाली गोटा लावत असन. गुलाब हसायचा. हसतानाही त्याचा एक पाय हलत असायचा.

त्या साली संक्रांत सरल्यावर कॉलनीतल्या शाळेनं ठरवलं की चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये लागलेला पोरांचा सिनेमा सगळ्या वर्गांना दाखवायचा. बस एक अन् पोरं ढीगभर, म्हणून वर्ग वाटून घेतले. रोज सकाळच्या खेळाला गुलाब एकेक वर्ग टॉकीजच्या दारात उतरवू लागला. पहिल्या दिवशी तो बाहेरच बसभोवती फेऱ्या मारत होता. ते पाहून गेटकीपरलाच गरगरल्यासारखं झालं असावं. तो म्हणाला, अंदर या ना भाऊ, फुकटचा पंखा हाय. गुलाब आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

सिनेमात फार काही घडत नव्हतं. एक खेडं, एक नदी, बहीण-भाऊ अन् त्यांचं वासरू. आंबे पाडायचे, चिखलात लोळायचं, आजोबाच्या शिव्या खायच्या. शेवटी भावाला शिकायला शहरात धाडतात. तो एसटीच्या मागच्या काचेतून बघत राहतो, अन् वासरू धुळीतून पळत येतं. पोरं वासरासाठी रडली, मास्तर-बाया आपापल्या गावासाठी. परतताना बसमध्ये कोणाला वणीकडची कपाशी आठवत होती, कोणाला ब्रह्मपुरीकडची धानाची बांधी. प्रत्येकाचं गाव स्वर्गच होतं अन् प्रत्येकजण तिथून स्वतःहून निघून आलेला होता.

गुलाबला रडू आलं नाही. तो एका वेगळ्याच जागी अडकला.

सिनेमात मध्ये एक डोह येतो. पोरं धावत येतात, अंगातले कपडे काढून काठावर फेकतात अन् खडकावरून धडाधड उड्या घेतात. चित्र त्यांच्यामागं पाण्यात शिरतं. पण त्याआधी क्षणभर काठ दिसतो, त्यावर कपड्यांचा ढीग दिसतो, अन् त्या ढिगापाशी कोणीच नसतं.

गुलाबच्या मनात आलं, अन् वांदरं आली तर?

दुसऱ्या दिवशी तो परत आत गेला, तेवढा ढीग बघायला. ढीग तसाच एकटा. तिसऱ्या दिवशीही गेला. जणू आज तरी कोणीतरी तिथं उभं दिसेल. रात्री जेवताना त्यानं बायकोला, गिरजाबाईला, दोनदा मीठ मागितलं अन् दोन्हीदा घेतलं नाही. अंगणात येऊन उगीच झाडू मारला.

चौथ्या दिवशी त्याच्या लेकीचा वर्ग होता. संघमित्रा, घरच्यांची मित्रा, चौथीत शिकायची. बसमध्ये ती बापाच्या बाजूला, इंजिनच्या झाकणावर बसायची. ती तिची गादी होती. सिनेमा बघून परतताना मागून कोण्या पोरानं विचारलं, काका, तुमचं गाव असंच होतं का? गुलाब रस्त्याकडं बघतच म्हणाला, असंच म्हणजे? याच्याहून भारी.

एवढं बोलून थांबला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण गिअर पडला अन् गाडी सुटली. त्यानं मोहटोला सांगितला, मूल गावाकडं जाणाऱ्या रोडवरून आत जंगलात, अंधारी नदीच्या वळणावर. तिथला डोह सांगितला. डोहावरचा हत्तीगोटा सांगितला, हत्तीच्या पाठीएवढा काळा खडक, अन् त्याच्या माथ्यावरून उडी घेणारा गावात एकच पोरगा, तो म्हणजे गुलाब. खाली जाताना कानात कसं गुंईं वाजतं, तळाची रेती पायाला कशी धरते, वर आल्यावर ऊन डोळ्यात कसं घुसतं, सगळं सांगितलं. वर्गाच्या बाई, इंदुताई, सगळ्यात पुढच्या सीटवर तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. मित्राचे डोळे बापावरून हलेनात.

खोटं त्यात थोडंच होतं. डोह खरा, गोटा खरा, उडीही खरी. त्यानं ती इतक्यांदा पाहिली होती की अंगातच गेली होती. फक्त उडी घेणारा गुलाब नव्हता. तो पाटलाच्या घरचा हरिदास होता.

मित्रानं ती उडी घरी नेली अन् आजीला करून दाखवली, खाटेवरून. गुलाबची माय, केसरबाई, दाराशी बसून तांदळातले खडे काढत होती. तिनं नातीला पाणी आणायला आत धाडलं अन् लेकाकडं न बघता म्हणाली, "कोन्या डोहाची गोठ सांगते रे हे पोट्टी? तू घरी येत होता तं धुळीनं माखून येत होता. आंगानं वला कधी आला नाई."

गुलाब म्हणाला, राहू दे ना माय, लेकरांची करमणूक हाय.

"मले काय करा लागते. मी चूप राहीन. गाव चूप राहते का ते पाय."

गाव दूर होतं, म्हणून गुलाबला धीर होता. तो धीर होळीच्या आधी इंदुताईंनी काढून घेतला. चौथीची सहल यंदा ताडोब्याला न जाता गुलाबभाऊंच्या मोहटोल्याला जाणार, असं त्यांनी वर्गात सांगूनही टाकलं. गुलाबनं काय काय केलं नाही! रस्ता खराब हाय म्हणाला. क्लच धरत नाई म्हणाला. तिकडं वाघानं ढोर मारलं म्हणाला. तेव्हा तर पोरांनी टाळ्याच वाजवल्या. इंदुताई म्हणाल्या, घाबरू नका भाऊ, ग्रामसेवकाकडून निरोप पाठवला होता, तिथल्या सरपंचांचं उत्तरही आलंय. ते तुमचे बालमित्र निघाले. म्हणाले, गुलाब येऊन राह्यला तर सगळ्या लेकरांचं जेवण माझ्याकडं.

सरपंच म्हणजे हरिदास.

आदल्या रात्री गुलाबनं दिवसा धुतलेली बस पुन्हा धुतली. मित्रा झोपेपर्यंत मैत्रिणींची नावं घेत होती, कोण खडकाच्या कोणत्या बाजूला उभी राहून बघणार ते. तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझे बाबा तिथून उडी मारून दाखवणार हायेत. गुलाबला नोकरीची भीती नव्हती, हशाचीही नव्हती. झाकणावर बसून बापाकडं बघणाऱ्या त्या दोन डोळ्यांची होती.

सकाळी बस मूल रोडला लागली. मागं गाणी चालली होती. गुलाबला रस्ता ओळखीचा लागेना. छप्पनच्या साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा झाली, तिथून परतल्यावर त्याच्या बापानं, सोमाजीनं, घरातले देव नदीत सोडले अन् गावची मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. मग गावानं त्याला काम नाकारलं. पुढच्या पावसाळ्याआधी सोमाजी बायको-पोराला घेऊन याच रस्त्यानं चांद्याला आला, पायी. तो कोळशाच्या खाणीत लागला. गुलाब ट्रक पुसायला लागला, मग क्लीनर झाला, मग रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्ताद झोपला की स्टिअरिंग धरू लागला. लायसन मिळालं, वीज केंद्र उभं राहिलं, तिथं चिकटला, क्वार्टर मिळालं. सोमाजी त्या क्वार्टरमध्ये नळाची तोटी उघडून नुसता बघत बसायचा. गावाचं नाव त्यानं मरेपर्यंत घेतलं नाही. म्हणून गुलाबनंही घेतलं नव्हतं, त्या सिनेमापर्यंत.

मोहटोल्याच्या आखरावर, जिथं गावची ढोरं जमतात त्या मैदानावर, हरिदास उभाच होता. धोतर, सदरा, पोट सुटलेलं, पण चाल तीच. गुलाब रामराम म्हणाला अन् त्याच वेळी हरिदास जयभीम म्हणाला. दोघंही हसले. हरिदासनं त्याला मिठीच मारली. बायको आशाबाईला हाक मारून सांगितलं, हा पाय, हाच तो. मग लेकरांची रांग घेऊन तो पुढं निघाला, अन् गुलाब सगळ्यात मागं. मित्रा त्याचा हात ओढत होती.

डोह होता तिथंच होता. हत्तीगोटाही. मोहाच्या वासानं हवा जड झाली होती. इंदुताईंनी पोरांना काठापासून दूर उतारावर बसवलं अन् हरिदासला म्हणाल्या, सरपंचभाऊ, आमचे गुलाबभाऊ सांगतात, सगळ्यात उंचावरून तेच उडायचे. खरं का?

गुलाबनं सवयीनं खाली बघितलं. लाथ मारायला चाक नव्हतं.

हरिदासनं मान मागं टाकून हसायला सुरुवात केली. "गुलाब? अरे बाप्पा, हा तं मासा होता मासा. आमी सारे संगच उडत होतो. कोनाची जात कोनती, आमाले मालूमच नव्हतं जी."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. गुलाबनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. दोस्ताची लाज राखायला हरिदास खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. त्याच्या आठवणीतल्या डोहात गुलाब पोहत होता, सिनेमातल्या पोरांसारखा, सगळ्यांसोबत.

गुलाब वाचला होता. आता नुसतं हसायचं होतं. पण ज्या खोट्यावर तो महिनाभर जगला, तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला कोणीतरी घरातून बाहेर काढल्यासारखं झालं. त्याचा हलणारा पाय थांबला.

"थांबा, तुमाले दाखवतोच," हरिदास पोरांना म्हणाला. त्यानं सदरा डोक्यावरून काढला अन् मागं न बघता "धर बे" म्हणून फेकला. गुलाबचा डावा हात सदरा यायच्या आधीच वर झाला होता. सदरा कोपराच्या वळणात येऊन पडला. धोतराचा कासोटा मारत हरिदास धापा टाकत गोट्यावर चढला अन् त्यानं उडी घेतली. पोरं किंचाळली. पाणी उतारापर्यंत उडालं. खालून तो ओरडला, "ये ना बे गुलाब! लहानपणावाणी!"

मग सगळा वर्ग सुरू झाला, काका, काका. मित्रा उभी राहिली होती.

"मले पोहता येत नाई," गुलाब म्हणाला.

पोरं हसली. त्यांना वाटलं गंमत. तेव्हा तो मित्राकडं वळला अन् तिलाच सांगितलं. "मले पोहता येत नाई. मी इथून कधी उडलो नाई. तुमाले सांगतलं ते सारं याचं होतं. आमचं पानी तिकडं खाली, जिथी टोंगळा बी बुडत नाई. इथी मी कपडे राखत होतो. वांदरं नेतात म्हणून."

कोणी हसलं नाही. हरिदास पाण्यात उभ्यानं पाय मारत होता. "काय बोलून राह्यला बे? आपन संगच होतो ना."

"संगच होतो. तू पान्यात, मी काठावर."

हरिदास वर आला. पाणी निथळत होतं. चालत आला तसा त्यानं सदऱ्यासाठी हात पुढं केला, न मागता, न बघता. मग तो हात मध्येच थांबला. हरिदास स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. गुलाबनं आपल्या हाताकडं बघितलं, तर सदरा त्याच्याही नकळत घडी करून ठेवलेला. त्यानं तो हरिदासच्या हातात दिला नाही. बाजूच्या दगडावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक गोटा ठेवला अन् उतार चढून गेला.

जेवणं झाली. आशाबाईनं पोरांना आग्रह करकरून वाढलं. हरिदास वाढायला आला नाही. बस सुरू झाली तेव्हा मात्र तो डायव्हरच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला, केस अजून ओले. म्हणाला, "तवा सांगतलं काऊन नाई बे?"

गुलाब म्हणाला, "तुले दिसत नव्हतं?"

हरिदासनं पत्र्यावर दोन थापा मारल्या, कंडक्टर मारतात तशा, अन् बाजूला झाला.

मूल रोड लागेपर्यंत बसमध्ये कुजबुज होती. मग कोणीतरी भेंड्या काढल्या अन् पोरं मोकळी झाली. मित्रा झाकणावर बसली होती, पण पाठ करून. इंदुताई खिडकीबाहेर बघत होत्या. शहराजवळ रेल्वेचं फाटक बंद मिळालं. गुलाबनं इंजिन बंद केलं. आता हा उतरणार, चाकं बघणार, हे पोरांनाही पाठ होतं. मागून एकजण हळूच म्हणालाही, पाय, उतरले काका.

तेवढ्यात मित्रा वळली. तिच्या जन्मापासून घरात नळ होता.

"बाबा, ते तुमाले पान्यात काऊन नव्हते येऊ देत?"

गुलाबचा हात दाराच्या कडीवर होता. समोरून कोळशाची मालगाडी आली अन् एकेक काळा डबा सरकू लागला. त्याचा पाय पुन्हा हलू लागला होता. पण त्यानं कडी सोडली, सीटवरच लेकीकडं तोंड करून बसला अन् सांगायला लागला. मालगाडी लांब होती.