भरल्या वांग्यांबरोबर वाइन

आमचे नाहूरचे शेजारी नाशिकला दोन दिवस वाइन प्यायला गेले आणि तज्ज्ञ होऊन परतले. शाकाहारी जेवणाबरोबर कुठली वाइन, हे ते आता लिफ्टमध्येही सांगतात.

रविवारी त्यांनी मला भरल्या वांग्यांवर बोलावलं. ग्लासात नाक खुपसून म्हणाले, "हिला मातीचा गंध आहे ना, वांग्याबरोबर झकास जाते." व्याख्यान संपेपर्यंत वांगी गार झाली.

वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदाच एक घोट घेतला. "वांग्यात गूळ आहे हो, म्हणून ही आंबट लागतेय," म्हणत त्यांनी कोथिंबीरवड्या आणल्या. वडीबरोबर तीच वाइन खरंच छान लागली.

शेजाऱ्यांनी बाटली वहिनींपुढे सरकवून हळूच विचारलं, "डाळिंबीच्या उसळीबरोबर कुठली जाईल गं?"