डबीमामांचा नवा कान

गॅरेजात त्यांना सगळे डबीमामा म्हणत. कानाचं यंत्र जुन्या पद्धतीचं: शर्टाच्या खिशात आवाज टिपणारी काडेपेटीएवढी डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. गाडी आली की मामा बॉनेट उघडत, डबी चालू इंजिनाला टेकवत आणि अंगठ्यानं आवाजाची चकती फिरवत डोळे मिटत. मग सांगत, बेअरिंग गेलंय. किंवा, गाडीला काही झालेलं नाही, मालकाला चालवायची अक्कल नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र त्याच डबीचा आनंदीआनंद होता. सगळे आवाज एका पोत्यात भरून कानात ओतल्यासारखे. मामींचा जन्म ओरडण्यात गेला. मीठ संपलंय हे आधी शेजाऱ्यांना कळायचं, मग नवऱ्याला. ह्यांच्याशी भांडायचं तर घसा धड हवा, असं त्या म्हणायच्या.

शेवटी लेकीनं नवं यंत्र घ्यायचं मनावर घेतलं. नव्या यंत्राला वायर नाही, कानामागे शेंगदाण्याएवढं, आणि सगळा कारभार मोबाईलवरून. दुकानाच्या खोलीत जाड गालिचा, दार बंद. तिथे मामींनी पुटपुटल्यासारखं विचारलं, "ऐकू येतंय का हो?"

बायकोचा आवाज एवढा मऊ आहे हे मामा विसरूनच गेले होते. दुरुस्त केलेली गाडी चार गल्ल्या फिरवून आणल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती न देणारा हा माणूस, पण त्या खोलीतच भुलला. जुनं दिलं तर नव्यावर सूट होती. डबी तिथेच ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी इंजिनावर वाकले, तर इंजिन गप्प. नव्या यंत्राच्या लेखी माणसाचं बोलणं तेवढं खरं, बाकी सगळा कचरा. दुकानवाल्यानं ती झाडझूड बंद करून दिली, तेव्हा हातोडा, पंखा, कॉम्प्रेसर सगळे एकदम अंगावर धावून आले. यंत्र कानावरून काढून इंजिनाला लावावं, तर ऐकायचं कशानं? डबी परत मागायला गेले, ती केव्हाच मोडीत निघाली होती. नवी डबी मिळत होती, पण तिच्याही पोटात हेच शहाणं मशीन, आणि तिची झाडझूड तर बंदही होत नव्हती.

मामा कुणाला काही बोलले नाहीत. अंदाजावर निभावत राहिले. मग एक गाडी त्यांनी ठीक आहे म्हणून सोडली आणि ती भर रस्त्यात इंजिन जाम होऊन उभी राहिली. आत लहान पोरं होती. मागचा ट्रक कसाबसा थांबला.

गॅरेजचा मालक म्हणजे मामींचा धाकटा भाऊ. तो चिडला नाही, तेच वाईट.

"दाजी, उद्यापासून काउंटरवर बसा. गिऱ्हाइकांशी बोला. आता छान ऐकू येतं तुम्हाला."

"आणि इंजिनं?"

"बघतील पोरं. वायर जोडली की पडद्यावर सगळं दिसतं आता."

मामा काउंटरवर बसतात. पार पलीकडच्या कोपऱ्यातलं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. मालकानं बहिणीकडे बघून ठेवलाय म्हाताऱ्याला, हेही कानावर आलं.

मामी खुशीत आहेत. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलून घेतात. परवा त्यांनी विचारलं, "कामावर कसं चाललंय?"

"बसून असतो."

"बरं झालं बाई. पाय किती दुखायचे तुमचे."

मामांनी मान हलवली.