परक्या नदीची ओटी

बायको गेल्यापासून मी देवघरात दिवा लावला नव्हता. देवाशी भांडावं म्हटलं तर तेही धड जमेना. रोज संध्याकाळी काडेपेटी हातात घ्यायचो आणि गॅस पेटवून चहा करायचो. अशातच व्हिएतनामच्या सहलीचा दिवस आला. ती तिनेच हौसेने ठरवलेली. तिच्या जागी माझी थोरली बहीण अक्का आली.

नवी नदी दिसली की खणानारळाने तिची ओटी भरायची, ही बायकोची रीत. श्रीगोंद्याहून कुठेही निघालो तरी पुलाजवळ गाडी थांबायची आणि मी ड्रायव्हरची नजर चुकवत बसायचो. शेवटी दवाखान्यात तिने एक हिरवा खण माझ्या हातात दिला. "तिथल्या नदीची ओटी तेवढी भरा." मी हो म्हणालो.

नारळाचं ओझं नको म्हणून मी हुशारीने सुक्या खोबऱ्याची वाटी घेतली. ती विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतली. साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला विमानाचे नियम कोण सांगणार!

जुन्या राजांची देवळं पाहून आम्ही होडीत बसलो. दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर थेट पाण्यातून उठलेले. नावाडीण साठीची, डोक्यावर निमुळती टोपी, आणि मागे रेलून ती चक्क पायांनी वल्हवत होती.

"बघ की, पायानं!" अक्का म्हणाली. "आन् तुला हातानं चहा ढवळता येत न्हाई."

मी खण काढला. "अक्का, तू भर ओटी."

तिचा चेहरा उतरला. "खुळा का काय? तुजे दाजी गेल्यापास्नं मी कुनाला कुंकूसुदिक लावलं न्हाई. माज्या हातची ओटी चालत न्हाई."

मी पुरुष, ती विधवा, आणि नारळ विमानतळावर. होडी गुहेत शिरली. अंधार होता, म्हणून मी रडून घेतलं. रडायला इतक्या लांब आलेला मी पहिलाच असेन.

बाहेर आलो, तर होड्यांतून फळं विकणाऱ्या बायका. नावाडणीने माझा चेहरा पाहिला, शेजारच्या होडीतून एक शहाळं उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. मी पाकीट काढलं तर तिने नकारार्थी मान हलवली. रडणाऱ्याला पाणी पाजावं, एवढंच तिच्या मनात असेल.

अक्का कितीतरी वेळ त्या शहाळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आन इकडं."

खण आणि शहाळं घेऊन ती नावाडणीकडे वाकली. त्या बाईचे पाय वल्ह्यावर, हात मोकळे. तिने दोन्ही हातांनी सदऱ्याचा घोळ पुढे धरला. अक्काने ओटी भरली. बाईने अक्काचे हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. पाय मात्र वल्हवत होते.

"नदीला वटी कुठं असती?" अक्का डोळे पुसत म्हणाली. "हिला हाय."

मी याला चमत्कार म्हणत नाही. शहाळी तिथे रोजच मिळत असतील. पण मी मागितलं नव्हतं, आणि अक्काचं 'चालत न्हाई' कोणी खोडलंही नव्हतं. नाव चालवणारा निराळाच आहे. आपण हात तेवढे मोकळे ठेवायचे, हे मला त्या पाण्यावर उमगलं. त्या परक्या माउलीला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करतो.

घरी आलो त्या संध्याकाळी काडेपेटी घेतली आणि देवघरात दिवा लावला. चहा नंतर केला.