जुवाचे भाऊबंद

निजामी अमदानीची शेवटची वर्षे होती. हैदराबादच्या कॉलेजात मी भाषांचा अभ्यास पुढे चालू ठेवायचा की आमच्या गावी, पिंगळीत राहून शेती पाहायची, हे वडील त्या उन्हाळ्यात ठरवणार होते. वडील बैलांचे पारखी होते. मानवतच्या बैलबाजाराला निघालेले लोक त्यांना आग्रहाने सोबत नेत.

एका सकाळी आम्ही दोघे सुताराकडे गेलो. तो आमच्या बैलजोडीसाठी नवे जू तासत होता. भोवती पाच-सहा शेतकरी बसले होते.

"काय शिकायलास तिकडं?" सुताराने मला विचारले.

मी जुवाकडे बोट दाखवले. इंग्रज याला योक म्हणतो, डच युक आणि जर्मन योख, असे सांगितले.

"म्हंजी साहेबानं आपलंच जू चोरलं की! मालक, धाडा पोराला. चोरी पकडलीय त्यानं."

सगळे खूश झाले. वडीलही हसले. मी गप्प राहिलो असतो तर परवानगी तिथेच मिळाली असती.

"कुणी चोरलं न्हाई," मी म्हणालो. "त्या तिघांचा बाप युकं. आपल्या जुवाचा बाप संस्कृतातलं युग, त्याचा अर्थबी जूच. ते दोघं भाऊ."

"युकं कुठं लिहिलंय?" वडिलांनी विचारले.

"कुठंच न्हाई. ती भाषा बोलणारे लिहीत नव्हते. लेकरांवरून ठरवलंय."

"घ्या! मालक, एक बैल घरचाच हाय, जू बी तयार हाय," सुतार म्हणाला. हशा झाला.

वडील हसले नाहीत. "दोघांत क, एकात ख. मग मूळचा क कशावरून?"

जर्मन भाषेत जुन्या 'क'चा 'ख' झालेला इतर शब्दांतही दिसतो, असे मी सांगितले. इंग्रजाचे बुक ते जर्मनाचे बूख.

वडील सुताराकडे वळले. "झरी गावचा तो नावाजलेला वळू तू पाह्यलास?"

"न्हाई. माझ्या जन्माआधी मेला."

"मीबी न्हाई पाह्यला. पण पाच गावांतली त्याची पैदास बघून त्याचं वशिंड, त्याची शिंगं मी सांगतो. तवा तुमी माना डोलवता. ह्याला मात्र हसायलाव."

सुतार पुन्हा जू तासू लागला.

"इद्या खरी हाय. जाईल पोरगं," वडील म्हणाले.

कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी ते स्टेशनावर सोडायला आले. फलाटावर भेटेल त्याला अडवून सांगत होते, "आमचं पोरगं शब्दांची पैदास वळखायला शिकायलंय. हैदराबादला!"