बॉनेटवरची हळद

गेल्या दसऱ्याच्या तीन दिवस आधी, दुपारी साडेचारच्या सुमारास, काकांनी एका जुन्या मोटारीच्या बॉनेटवरून हात उचलला आणि काम झालं असं सांगितलं. त्यानंतर त्यांनी दुसरी गाडी हातात घेतली नाही.

आदिलाबादमध्ये गाड्या रंगवणारे पुष्कळ आहेत. हे रंगवत नसत. गाडीवर पहिल्या दिवसापासून असलेला रंग जितका उरला असेल तितका सांभाळून वर आणणं, एवढंच ते करत. तुम्हीही अशी गाडी पाहिली असेल. अंगणात वर्षानुवर्षं उभी, पांढुरकी पडलेली, हात लावला तर तळव्याला भुकटी येते. आपण म्हणतो, रंग गेला. ते बोट पाण्यात बुडवून दारावर टेकवत. ओल्या ठिपक्यात मूळ रंग दिसला की म्हणत, "जिता हाये अजून."

मग गाडी शेडमध्ये यायची. आधी साधं पाणी. मग जवसाचं तेल हलक्या हातानं लावून ते दिवसभर गाडीकडे फिरकत नसत. "पिऊ द्या तिले," म्हणत. दुसऱ्या दिवशी जुन्या बनियनच्या तुकड्यानं घासायला सुरुवात. एका वेळी वीतभर जागा, तिथं अर्धा तास. घासताना त्यांचं लक्ष गाडीकडे कमी आणि फडक्याकडे जास्त असे. फडक्यावर रंग येऊ लागला की थांबायचं, कारण फडक्यावर आलेला रंग गाडीवरून गेलेला असतो. वापरलेली फडकी ते तारेवर ओळीनं अडकवत. काकूंची तक्रार होती की घरातली बनियन अंगावर फाटायच्या आधीच गाडीला जाते.

त्यांचं गाव बेल्याजवळचं. तरुणपणी ते हैदराबादला एका उस्तादाच्या शेडमध्ये काम शिकले. 'आहिस्ता' हा शब्द त्यांनी तिथून आणला. तेलुगू गिऱ्हाइकाला ते 'मेल्लगा' म्हणत आणि आम्हाला 'घाई काऊन?' तिन्हींचा अर्थ एकच होता आणि तिन्ही ऐकून गिऱ्हाईक सारखंच वैतागत असे.

तामसीचा एक तरुण नवी कोरी काळी गाडी घेऊन आला होता. आरशासारखी चमकवून द्या, म्हणाला. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन गाडीकडे पाहिलं. "हे त आत्ताच जन्मलं. याले काऊन तरास देता?" तो तरुण हसत परत गेला. नंतर त्यानं आजोबांचा जुना ट्रॅक्टर आणला. तो त्यांनी घेतला.

मी त्यांच्या समोरच्या गल्लीत राहतो आणि वर्तमानपत्रात काम करतो. एकदा मी त्यांच्यावर छोटी बातमी दिली. मजकूर माझा होता, मथळा कार्यालयातून पडला: जुन्या गाड्यांना केलं नवं. सकाळी सातला ते अंक घेऊन दारात उभे.

"ओ पेपरवाले, नवी कोनं केली? नाव सांगा त्याचं."

मी दुरुस्ती छापू म्हणालो. ती छापली गेली नाही. वर्षभर त्यांनी माझ्याशी बोलताना प्रत्येक वेळी त्या नव्या गाडीची चौकशी केली.

त्यांची एक सवय मला विचित्र वाटे. काम चालू असताना किंवा संपल्यावरही ते कधी चार पावलं मागं सरून गाडी पाहत नसत. नाक पत्र्यापासून वीतभर. लांबून पाहणं गिऱ्हाइकाचं काम, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शेडचं तोंड पश्चिमेला होतं, सकाळचं ऊन तिथं येतच नव्हतं.

ती शेवटची गाडी एका निवृत्त प्राध्यापक बाईंची. वडिलांनी घेतलेली, फिकट हिरवी, गोल पाठीची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडीची पूजा आई करत. दर दसऱ्याला त्या हळद तेलात कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढत, दरवेळी त्याच जागी, आणि दिवाळीपर्यंत कोणाला गाडी धुऊ देत नसत. श्रावणात आई गेल्या. त्यांच्यामागचा हा पहिला दसरा. तोवर गाडी नीट व्हावी, एवढंच बाईंनी सांगितलं होतं.

गाडी घ्यायला बाई आल्या तेव्हा मी शेडमध्ये होतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. दारांवर हात फिरवला, बरं झालं म्हणाल्या. मग समोर येऊन थांबल्या. वाकल्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"इथं आईचं स्वस्तिक होतं," त्या म्हणाल्या.

काकांनी सांगितलं की तिथं तेलकट डाग होता, हाताच्या पंजाएवढा, कडा पसरलेल्या. आकार काही दिसला नाही. त्या डागाला त्यांनी फडकंही लावलं नव्हतं, फक्त भोवतीची जागा घासली होती. बाई म्हणाल्या की जवळून तो डागच दिसायचा. घराच्या पायरीवर उभं राहून सकाळच्या उन्हात पाहिलं की स्वस्तिक दिसायचं. आई गेल्यापासून त्या रोज तिथून पाहत होत्या.

"आधी सांगायला पायजे होतं मी," बाई म्हणाल्या. "पण तुमी काहीच पुसून टाकत नाई म्हणून त तुमच्याकडं आणली ना, काका."

"हो," ते म्हणाले. "मी विचारायले पायजे होतं."

बाई गाडी घेऊन गेल्या. काकांनी तारेवरची बॉनेटची फडकी उतरवली आणि एकेक उजेडात धरली. कुठंही पिवळा ठिपका नव्हता. काय झालं ते त्यांनीच मला समजावलं. इतकी वर्षं हळदीतलं तेल पिऊन तेवढीच जागा जिती राहिली होती. भोवतीचा रंग उन्हानं मेला, म्हणून आकार दिसत होता. आता भोवतीचाही रंग वर आला.

मी म्हणालो, म्हणजे स्वस्तिक गेलं नाही, बाकीचं बॉनेट त्याच्याएवढं झालं.

"हे तुमच्या पेपरात लिवा," ते म्हणाले. "बाईले नका सांगू."

दसऱ्याच्या सकाळी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माझ्याकडे आले आणि मोटारसायकल काढायला सांगितलं. बाईंच्या अंगणात गाडी धुऊन उभी होती. वाटीत हळद कालवलेली होती, पण बॉनेट कोरं होतं. हे काम नेहमी आईचं, बाई म्हणाल्या. किती मोठं काढत, कुठून सुरू करत, ते कधी पाहिलंच नाही नीट.

काकांना जागा पाठ होती. दोन दिवस त्यांनी त्या डागाच्या कडेकडेनं काम केलं होतं. पत्र्याला न टेकवता त्यांनी बोटानं हवेत दाखवलं, पुढच्या कडेपासून चार बोटं, मधल्या रेघेपासून इतकं. वाटीत पाहून तेल आणखी घालायला सांगितलं. बाईंनी स्वस्तिक काढलं. उजवीकडचा एक हात वाकडा गेला. त्या पदरानं पुसायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या."

गाडीसाठी बाईंनी ताडपत्रीचं नवं आच्छादन आणलं होतं, ते घालू नका म्हणून त्यांनी सांगितलं. गाडी अशीच उन्हात ठेवा.

"अहो, सगळा रंग जाईन की मंग," बाई म्हणाल्या. "तुमी एवढं करून ठेवलं."

"जाऊ द्या थोडा भोवतालचा," ते म्हणाले.

दसऱ्यानंतर दोन गाड्या आल्या, दोन्ही त्यांनी परत पाठवल्या. गिऱ्हाइकांना कारण गुडघ्याचं सांगितलं. मी विचारलं नाही. दर मंगळवारी ते बाईंकडे जात. पायरीवर उभे राहून गाडीकडे पाहत आणि चहा घेऊन परत येत. बाई सांगतात की ते गाडीच्या जवळ एकदाही गेले नाहीत.

माघात, एका मंगळवारी सकाळी, घरातून निघायच्या आधी त्यांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. बाईंना मी फोन केला. पाणी ठेवलं होतं चहाचं, एवढंच त्या बोलल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, मी बाईंकडे गेलो. उन्हाळा संपत आला होता आणि गाडीवर आच्छादन नव्हतं. सकाळचे आठ वाजले होते. आम्ही दोघांनी पायरीवर उभं राहून पाहिलं. बॉनेटचा रंग अजून सगळीकडे सारखाच होता.