कांगारूचा पाठ

लग्नानंतर मी बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा आम्ही तिघं नेरूळच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हे, मी आणि सासूबाई. हे न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरीला होते, सकाळी डबा घेऊन निघायचे ते दिवेलागणीला परत. त्यामुळे माझ्या पाठांची तालीम ऐकायला घरात एकट्या सासूबाईच असायच्या.

आठवीच्या वर्गावर घ्यायचा एक पाठ मला मिळाला, सस्तन प्राण्यांच्या तीन गटांचा. कार्डशीटवर मी प्लॅटिपस, कांगारू आणि गाय काढली. गाय बरी जमली. प्लॅटिपस मात्र उंदराला बदकाची चोच चिकटवल्यासारखा दिसत होता.

सासूबाई ताटात मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी भिंतीला तक्ता लावून सुरुवात केली. "पहिला गट अंडी घालणाऱ्यांचा."

"अंडी घालते तर सस्तन कशी गो?"

"पिल्लांना दूध पाजते म्हणून. तिला आचळं नसतात, दूध अंगातूनच पाझरतं. पिल्लं ते चाटून पितात."

"पाजते ना? मग झालं," म्हणून त्यांनी प्लॅटिपसला पास केलं.

मग मी कांगारूकडे वळले. त्याचं पिल्लू महिन्याभरात जन्मतं, अगदी अपुरं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. आईच्या पोटावरून सरपटत ते पिशवीत शिरतं आणि उरलेली वाढ तिथे, दूध पीत, पुरी करतं.

"केवढं असतं?"

मी ताटातला एक सोललेला वाल उचलून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "तुझा नवरा सातव्या महिन्यात झाला, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. खुद्द ह्यांनाही नव्हतं.

"कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं आमच्या सासूबाईंनी बजावलं होतं. मग राहूनच गेलं." गावात दवाखाना नव्हता, खाडीला उधाण होतं, होडी कुणी घालेना. सुईण म्हणाली, पोरीच्या अंगाची ऊबच ह्याला तारील. "मग लुगड्याच्या आत छातीशी बांधला. बसताना, निजताना, तसाच. ओढायची ताकद नव्हती, कापसाच्या बोळ्याने दूध पाजायचे. मी न्हायला गेले की जाऊ तशीच छातीशी धरायची. पुरे दिवस भरेपर्यंत मी त्याला खाली ठेवला नाही."

"भीती नाही वाटली, आई?"

"वाटायची की. पण त्याचा श्वास गळ्याशी लागायचा. तो लागला की पुढचं काम सुचायचं."

संध्याकाळी हे आले, पायातले बूट काढत होते तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं. सहा फुटी माणूस, पण एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग आईकडे पाहून म्हणाले, "म्हणजे मी कांगारू?"

"हो, आता हातपाय धू."

त्या रात्री जेवण झाल्यावर ह्यांनी टीव्ही लावला नाही. आईजवळ बसून एकेक विचारत राहिले. सुईण कोण, उधाण किती दिवस होतं, मी रडायचो का. सासूबाईंनाही बोलावंसं वाटत होतं. मी आवराआवर करत ऐकत होते, आणि घर फार बरं वाटत होतं.

पाठाच्या दिवशी आमच्या बी.एड.च्या मॅडम मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या गटात गाईबरोबर माणूसही येतो, हे सांगताना मी ठरवलं नसताना ती गोष्ट सांगितली. कुणाची, ते सोडून. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी उभी राहिली.

"टीचर, ते बाल वाचला का?"

"वाचलं."

"आता काय करतंय?"

"न्हावा शेव्याला नोकरी करतं. भात फार खातं."

वर्ग खदखदून हसला, मॅडमही हसल्या. पाठ संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "प्लॅटिपस पुन्हा काढा."

घरी येऊन मी तो पुन्हा काढायला बसले. ह्यांनी चोच रंगवून दिली, आणि सासूबाईंनी, पिल्लं दिसायला हवीत म्हणून, मला त्याच्या पोटाशी दोन काढायला लावली.