दोन नद्या, दोन रिकामी पोती

पूर दुरून बघायला लोकांना मौज वाटते. मला त्याची किळस येते. ओसरताना तो जो वास मागं ठेवून जातो, तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

आमचं गाव भालकी तालुक्यात, मांजरेकाठी. थोरल्या बहिणीला कारंजाकाठच्या गावात दिलेलं. ही सोयरीक जुळली तीच बियाणासाठी. आमच्यात रीतच होती, ज्वारीचं बी आपल्या गावात ठेवायचं नाही. दुसऱ्या नदीवरच्या सोयऱ्याच्या पेवात, जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवायचं आणि त्यांचं आपण सांभाळायचं. मांजरेला बीडकडचा पाऊस चढवतो, कारंजाला कोहीरकडचा. एक चढली तरी दुसरीकडचं बी वाचतं. "दोन नद्या एका दिवशी बाळंत व्हत न्हाईत," असं म्हातारे मिशीला पीळ देत सांगायचे, जशी काही दोघींची सुईण हेच.

बियाणाचा घोर सगळ्यात जास्त आईला. बौद्ध धम्माची दीक्षा घेण्याआधी पेरणीला बी कमी पडलं की तिला गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या पायरीखाली पदर पसरावा लागायचा. दीक्षा घेतल्यावर ती म्हणाली, उपाशी राहीन, पण त्या पायरीखाली पुन्हा उभी राहणार नाही.

मग एका भादव्यात दोन्ही नद्या एकदमच आल्या. मांजरा एवढी फुगली की तिनं कारंजाचं पाणी आत घेतलंच नाही. ते उलटं फिरून गावागावांत शिरलं. आमची वस्ती उताराला, त्यामुळं पाहुणचाराचा पहिला मान आमचाच. पाणी उतरलं तेव्हा रब्बीची पेरणी तोंडावर आली होती. आपलं बी आणायला आई आणि मी रिकामं पोतं घेऊन बहिणीच्या गावाला निघालो. अर्ध्या वाटेत समोरून बहिणीचे सासरे आले. त्यांच्याही खांद्यावर रिकामं पोतं होतं.

जयभीम घालायचं दोघंही विसरले. एकमेकांच्या पोत्याकडं बघत उभे राहिले.

"अण्णा, तुमच्याकडं पण?" आईनं विचारलं.

"व्हय. आन् तुमच्याकडं?"

आईनं नुसती मान हलवली. तरीही आशा सुटेना, म्हणून त्यांच्या गावी जाऊन पेव उघडलं. मेलेलं जनावर परवडलं, असा आंबूस, कुजका भपकारा वर आला. आईनं कोपरापर्यंत हात घातला आणि काळा, बुळबुळीत लगदा बाहेर काढला. मी तिथंच ओकले. आमच्या पेवातल्या त्यांच्या बियाचीही तीच गत झाली होती.

शेवटी आई त्या पायरीखाली गेलीच. मी तिच्या मागं उभी होते. बड्या शेतकऱ्याची कोठारं उंचावर, त्याचं काही भिजलं नव्हतं. हात लागू नये म्हणून त्यानं सूप वर धरून तिच्या पदरात बी ओतलं, दाणे खाली सांडले, आणि ती ते वेचत असताना तो हसत म्हणाला, "कामून गं, दोन नद्या एका दिवशी बाळंत व्हत न्हाईत म्हनं?" त्या लगद्याची आली नसेल एवढी किळस मला त्या हसण्याची आली.

ज्वारी चांगली आली. आईनं तिची भाकर तोंडात घातली नाही. आणि सुगी संपली तसे म्हातारे पुन्हा मिशीला पीळ देऊन सांगू लागले, असं काही रोज होत नसतं. वडिलांनीही पोतं बांधलं, त्याच कारंजाकाठी न्यायला. आईनं ते सोडलं. म्हणाली, धाकटीचं लग्न होऊ द्या.

धाकटी म्हणजे मी. कडगंचीकडच्या माळावरून स्थळ आलं, तेव्हा आईनं एकच विचारलं, गावाला नदी आहे का? बाई लेकीच्या पाण्याची सोय बघते आहे, असं वाटून पाहुणे हौसेनं म्हणाले, ओढा आहे की. आई उठलीच. मग त्यांनी घाईघाईनं कबूल केलं की ओढा नावालाच, बाराही महिने कोरडा. तेव्हा ती खाली बसली आणि पोहे आले.

त्या मुरमाड गावात घागरी वाहून माझी टाळू झिजली. आई पेरणीच्या तोंडावर दरसाल एसटीनं यायची. दारात आली की आधी तिच्या बियाच्या कणगीत हात घालायची, मूठभर दाणे नाकाशी धरून हुंगायची. मग माझ्याकडं वळून विचारायची, "कशी हायस?"